पाद्रीसाहेबांचा शब्द

१९ ऑगस्ट १७९८, रविवार

पाद्रीसाहेब निवडणुकीला उभे राहिले!

प्रवचन संपलं होतं, आशीर्वाद बाकी होता. अर्धी मंडळी पेंगत होती, अर्धी घरी झाकून ठेवलेल्या सफरचंदाच्या पाईचा विचार करत होती (मी त्यातली). तेवढ्यात रेव्हरंड बेडलनी रुमालाने कपाळ टिपलं आणि म्हणाले, "आता एक साधी गोष्ट सांगतो. मी राजधानीत, फिलाडेल्फियाला जाऊन देशाच्या काँग्रेसमध्ये बसावं असं काही सज्जनांचं म्हणणं पडलं. मी हो म्हटलंय."

सगळे टक्क जागे! म्हातारा जोनास लम तर मोठ्याने "आमेन" म्हणाला, त्याला वाटलं घरी जायची वेळ झाली. पहिल्या बाकावर कर्नल व्हॅन ड्युरेन. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. ही जागा त्यांना हवी आहे, आणि तिच्यासाठी कोणी आडवं येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आणि आडवं आलं ते त्यांच्याच वर्गणीवर जगणारं माणूस!

घरी येईपर्यंत हसत होते. पाई थोडी जळकी निघाली, तरी गोड लागली.

२३ ऑगस्ट

पेशन्स क्रेन — चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या डीकनची बायको — व्हिनेगर न्यायला आली आणि सकाळभर बसली.

"तुझी मजा आहे बाई," म्हणाली. "तुला नवरा नाही, पण मत आहे. मला नवरा आहे, मत नाही."

म्हटलं, "अदलाबदल करू या?"

"आमच्या डीकनना घेशील?"

"मग राहू दे."

तसं आहे खरं. न्यू जर्सीचा कायदा एवढंच म्हणतो — इथला रहिवासी हवा, आणि पन्नास पौंडांची मालमत्ता स्वतःच्या नावावर हवी. 'पुरुष' लिहायचं बहुधा राहून गेलं! लग्न झालेल्या बाईच्या नावावर काहीच नसतं, चमचासुद्धा नवऱ्याचा, म्हणून तिला मत नाही. माझा नवरा एनॉस गेला आणि सफरचंदांची बाग, रस काढायचा घाणा, तळघरातली पिंपं माझ्या नावावर झाली. त्यांच्या पाठोपाठ मत आलं. आणि मी ते जाऊन दिलंही. एनॉस वरून बघत असेल तर त्याला ठसका लागला असेल.

२६ ऑगस्ट, रविवार

आज येशूच्या शिष्यावर, पेत्रावर प्रवचन. प्रभूला पकडून नेलंय, पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसलाय, आणि कोणी विचारलं की म्हणतोय, मी त्या माणसाला ओळखतच नाही. तीनदा! मग कोंबडा आरवतो आणि तो रडत बाहेर जातो. "त्याने तलवारीला भिऊन नाकारलं नाही," बेडल म्हणाले, "शेकोटीपाशी बसलेल्या चार माणसांना भिऊन नाकारलं." त्यांचा आवाज भरून आला. माझेही डोळे भरले. आवाज चांगला आहे माणसाचा. खांदेही चांगले आहेत. (हे लिहायला नको होतं. असो, लिहिलं!)

१ सप्टेंबर

नवा कर येतोय. घरांवर, जमिनीवर, आणि म्हणे खिडक्याही मोजणार. शाळामास्तरीण ड्रुसिला फ्रीमन — साठी उलटलेली, बिनलग्नाची, आणि म्हणून माझ्यासारखीच मतदार — म्हणाली, "माझ्या घराला चार खिडक्या. त्यांतल्या दोनांतून दिसतो फक्त कर्नलचा गोठा. त्या दोनांचा कर कर्नलने भरावा."

बेडल म्हणतात, हा कर नको, आणि सरकारविरुद्ध बोललं की तुरुंग हा कायदाही नको. कर्नलना दोन्ही हवेत. माझं ठरलं. मत बेडलना. खांद्यांचा काही संबंध नाही.

५ सप्टेंबर

कर्नलचा माणूस येऊन माझी सफरचंदाची कडक दारू पिंपंच्या पिंपं मागवून गेला. निवडणुकीच्या दिवशी मतदारांना पाजायला! मी विकली. धंदा आहे.

दुपारी बेडल तणतणत हजर.

"फीबीबाई, हे मी काय ऐकतोय? शत्रूच्या तोफांना तुम्ही दारू पुरवता?"

"तुम्हीही घ्या की पाद्रीसाहेब. तुमच्या मतदारांना काय पाजणार आहात?"

"सत्य."

"मग हरलात."

हसतील असं वाटलं नव्हतं. मान मागे टाकून हसले. मग सफरचंदाच्या ताज्या रसाचा पेला घेतला, मग दुसरा, आणि घाण्याला जुंपलेल्या घोड्यामागे फिरत फिरत दिवस मावळेपर्यंत बोलत बसले. सायरस — घाण्यावरचा माझा माणूस — मला हळूच म्हणाला, "बाई, घोडा दमला. पाद्रीसाहेब नाही दमले."

११ सप्टेंबर

आता रोज येतात! म्हणे भाषणाचा सराव. सफरचंदाच्या चोथ्यात उभे राहतात, डोक्याभोवती गांधीलमाशा, आणि सुरू — "बंधूंनो, या प्रश्नाचे सात भाग पडतात..."

म्हटलं, "सात कशाला? लोक उभे असतात. बाकं नसतात तिकडे."

"मग किती?"

"कर वाईट. कर्नलला कर हवा. मी नाही म्हणेन. संपलं."

त्यांनी ते उद्या म्हणून पाहायचं कबूल केलं. सायरस म्हणाला, मालकीणबाईंनीच उभं राहावं. तो थट्टा करत नव्हता. त्याचंही मत आहे, स्वतःच्या कष्टाचं घर आणि तुकडा आहे. काळ्या माणसाला मत, विधवेला मत. कर्नल म्हणतात, जर्सीची लाज गेली.

१२ सप्टेंबर

तीन वाक्यांचं भाषण म्हटलं. टोप्या उडाल्या! मला येऊन सांगताना लहान मुलासारखे नाचत होते.

१८ सप्टेंबर

त्यांनी मला अंगुस्तान दिलं, शिवताना बोटात घालायची टोपी. चांदीचं. त्यांच्या आईचं.

आमच्याकडे अंगुस्तान उगाच कोणी देत नाही. त्याचा अर्थ एकच, लग्नाची मागणी.

बागेच्या टोकाला होतो, जिथे उशिरा पिकणारी झाडं आहेत. ते म्हणाले, "फीबी, मी पंधरा दिवस भाषणाचं निमित्त करतोय. ते भाषण मला पाठ आहे." मग पुढे अडखळले. बोलण्यावर पोट असलेला माणूस, आणि तोंडातून शब्द फुटेना! मला इतकं आवडलं ते. एनॉसनंतर माझ्यासमोर कोणी असं अडखळलं नव्हतं. एनॉसही नव्हता अडखळला खरं तर. त्याने बाग पाहिली आणि मग मला पाहिलं.

एक विनंती केली त्यांनी. निवडणूक होईपर्यंत कोणाला कळू नये. "लोक म्हणतील, देश पेटलाय आणि पाद्रीबुवा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत." नंतर रीतीप्रमाणे तीन रविवार चर्चमध्ये लग्न पुकारायचं, मग लग्न, मग फिलाडेल्फिया.

विचार करते म्हटलं.

१९ सप्टेंबर

विचार केला. हो म्हटलं!

२५ सप्टेंबर

पेशन्सला माहीत आहे!

पुन्हा व्हिनेगर. एवढ्या व्हिनेगरचं ही करते तरी काय? पेला संपवून म्हणाली, "डीकनच म्हणाले पाद्रीसाहेबांना — लग्न आधी लावलंत तर फीबीचं मत जाईल. ती तुमच्या घरात येईल, पण तिची चिठ्ठी पेटीत पडणार नाही. नंतरच लावा. अगं, तुला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं की," म्हटलं.

नव्हतं.

२६ सप्टेंबर

विचारलं त्यांना. कान लाल झाले. "तो डीकनचा विचार होता, फीबी. मी फक्त ऐकून घेतला."

"नुसता ऐकलात की तसं वागलातही?"

"...थोडं वागलोही."

इतक्या खालच्या आवाजात म्हणाले की मला हसूच आलं. खोटं बोलता येत नाही माणसाला. म्हणून तर आवडतो.

आणि खरं सांगू का वहीच्या पाना, हिशोब मीही केलाच होता. हे माझं शेवटचं मत. त्यानंतर मी मिसेस बेडल. घाणा त्यांचा, बाग त्यांची, हे अंगुस्तानसुद्धा पुन्हा त्यांचं. काल संध्याकाळी घाण्याच्या खांबाला हात लावून उभी होते. एनॉस असताना हा खांब मला कधी दिसला नव्हता. तो गेल्यावर मीच मोडलेला दांडा बदलून घेतला, मीच लाकूड निवडलं. ते सगळं एका माणसासाठी द्यायचं. माणूस तेवढ्या मोलाचा आहे, असं मी ठरवलंय. पण शेवटचं मत मात्र मी वाजतगाजत देणार!

३० सप्टेंबर, रविवार

प्रवचनभर त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. इतकं न पाहणं की ड्रुसिलाने मला कोपर मारलं — "काय चाललंय गं तुमचं?"

६ ऑक्टोबर

कर्नलनी आख्खा बैल भाजला. सगळं गाव जाऊन जेवलं. बेडलचे मतदारही जेवले. डीकन क्रेन "शत्रूची हालचाल पाहायला" गेले आणि दोनदा वाढून घेऊन आले.

कर्नलचा वकील पेक मला गाठून गोड बोलला. "मिसेस टटल, ऐकतो की तुम्ही लवकरच बागेचा भार कोणावर तरी टाकणार?"

म्हटलं, "बाग उचलून नेता येत नाही, वकीलसाहेब. तुम्ही पिंपं तेवढी वेळेवर परत पाठवा."

तोंडाने हसला. डोळे हसत नव्हते. पेशन्सने त्यालाही व्हिनेगराच्या निमित्ताने गाठलं की काय!

९ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं लिहिते. जसं झालं तसं.

निळा पोशाख घातला. बोटात अंगुस्तान. हातमोजा वरून, म्हणजे दिसायचं नाही, पण मला माहीत. सायरसने गाडी जुंपली. ड्रुसिलाला वाटेत घेतलं. तिने टोपीला पीस लावलं होतं! "तरुण नाही, सुंदर नाही, पण मतदार आहे," म्हणाली.

मतदान खाणावळीच्या ओसरीवर. टेबल, पेटी, पेटीमागे स्क्वायर होल्टन, हे आमचे मतदानाधिकारी. एका अंगाला कर्नल आणि माझी पिंपं. दुसऱ्या अंगाला बेडल आणि डीकन आणि पाण्याचा एक माठ. माठापाशी गर्दी नव्हती. आज बेडल फारच देखणे दिसत होते.

ड्रुसिलाने चिठ्ठी दिली. सायरसने दिली. माझी पाळी. चिठ्ठी पुढे केली तोच पेक ओरडला —

"हरकत! या बाईचं लग्न ठरलंय. उमेदवाराशीच! अर्धी बायको झालेल्या बाईचं मत घ्यायचं का? ते तिचं की नवऱ्याचं?"

मग कोणीतरी शीळ घातली. पिंपांपाशी हशा.

मी घाबरले नाही! अजिबात नाही. उत्तर तोंडाशी होतं — ठरलंय, हो. पण झालेलं नाही. आज घाणा माझा, बाग माझी, मत माझं. कायद्यात 'ठरलंय' हा शब्द कुठे आहे तो दाखवा. होल्टननी मान्य केलंच असतं, ते कायद्याला धरून चालणारे आहेत. मी हातमोजाही काढायला घेतला. सगळ्यांसमोर सांगायचं म्हणून मनातून उड्या मारत होते मी! एवढे दिवस पोटात ठेवलेलं.

होल्टन म्हणाले, "खरंय का हे?" आणि मी तोंड उघडायच्या आत —

"यात काहीही तथ्य नाही," बेडल म्हणाले.

मला वाटलं, ते गडबडले. आत्ता सावरतील.

पेक म्हणाला, "तुम्ही त्यांना वचन दिलेलं नाही?"

"नाही."

"त्यांनी तुम्हाला?"

"नाही. मिसेस टटल माझ्या कळपातल्या अनेक मेंढरांपैकी एक. याहून माझा त्यांचा संबंध नाही." त्याच आवाजात. पेत्राच्या प्रवचनाच्या.

पेक म्हणाला, बायबलवर हात ठेवून सांगा. होल्टन चिडले. "पाद्रीसाहेबांना बायबल कशाला? त्यांचा शब्द पुरे. बाई, चिठ्ठी टाका."

हातमोजा अर्धा निघाला होता. परत वर ओढला. चिठ्ठी टाकली. डीकन क्रेन टाळ्या वाजवत होते. बेडलने माझ्याकडे पाहिलं आणि चक्क डोळा मिचकावला — जिंकलो, असा!

गाडी घराकडे वळवली. पुलापाशी आल्यावर सायरस म्हणाला, "तीनदा झालं, बाई. कोंबडा तेवढा राहिला."

ड्रुसिलाने माझा हात हातात घेतला. अंगुस्तान तिच्या बोटांना लागलं असणार.

१० ऑक्टोबर

रडले. मग उठून पिंपं धुतली. मग पुन्हा रडले. राग येतो तो याचा, की गरज नव्हती! 'हो' म्हटलं असतं तरी मत पडलंच असतं. कायदा माझ्या बाजूने होता. बेडल स्वतःच्या बाजूने बोलला.

१३ ऑक्टोबर

आला नाही. इतर गावांची मोजणी चाललीय, म्हणे फार कामात आहे. बरं आहे.

१७ ऑक्टोबर

निवडून आला! थोडक्यात, पण आला. चर्चची घंटा इतकी बडवली की दोर तुटला. जोनास लम "आमेन" म्हणाला, आणि या वेळी बरोबर जागी म्हणाला.

कर्नलनी रिकामी पिंपं परत पाठवली. एक फुटकं.

१८ ऑक्टोबर

आला. नवा कोट. मला उचलून गिरकी घ्यायचा विचार होता, पण माझ्या हातात चोथ्याचं फावडं होतं.

"फीबी! जिंकलो आपण!"

"अभिनंदन, पाद्रीसाहेब."

"रागावलीस का? त्या दिवसाचं? अगं, तुझं मत वाया गेलं असतं! मला दुसरं सुचलंच नाही."

"मला सुचलं होतं."

"तोंडातून निघून गेलं. तेवढा एक शब्द."

मी मोजले नव्हते, पण एक नक्कीच नव्हता. त्याने फावडं माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं, अगदी हळुवार. वाईट माणूस नाही तो. ते लिहून ठेवते, नाहीतर मागाहून मला वाटेल की मी मूर्ख होते. बागेत अडखळणारा तोच आणि ओसरीवर न अडखळणाराही तोच. मला पहिला हवा होता.

म्हणाला, "रविवारी पहिल्यांदा पुकारणी. डीकनना सांगून ठेवलंय. घाणा भाड्याने द्यायचं काय ते मी बघतो, तू काळजी करू नकोस."

मी खांबाकडे पाहिलं.

म्हटलं, "पुकारू द्या. सगळ्यांसमोरच होऊ द्या."

खूश होऊन गेला.

२१ ऑक्टोबर, रविवार

डीकन क्रेननी उभं राहून नावं पुकारली — रेव्हरंड जोटम बेडल आणि विधवा फीबी टटल. मग रीतीप्रमाणे विचारलं, या लग्नाला कोणाची हरकत आहे काय? आमच्या चर्चमध्ये आजवर कोणी घेतलेली नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझी. आमच्यात काही ठरलेलं नाही असं पाद्रीसाहेबांनीच सगळ्या गावासमोर सांगितलंय. त्यांचा शब्द मी कसा खोटा पाडू?" अंगुस्तान वर्गणीच्या ताटात टाकलं, आणि ड्रुसिलाशेजारी जाऊन बसले. तिने सरकून जागा केली.

मत त्यालाच दिलं होतं. हातमोजा वर ओढताना खात्रीच पटली — फिलाडेल्फियाला असाच माणूस लागतो.